करडाला आधी चीक, मग औषधाचा विचार
करडू जन्मलं की तासाभरात चीक, म्हणजे व्यायलेल्या शेळीचं पहिलं घट्ट दूध, पाजा. रोगाशी लढायची ताकद त्याला गर्भात मिळत नाही, चिकातूनच मिळते, आणि पहिल्या दिवसानंतर आतडं ती शोषत नाही. 2 किलोच्या करडाला 24 तासांत 200 मिली तरी, थोडा थोडा करून. नाळेचं टोक टिंक्चर आयोडीनमध्ये पूर्ण बुडवा.

हगवण लागली की उरलेली अँटिबायोटिकची बाटली काढू नका, कृपा करून! विषाणूच्या हगवणीवर ती चालतच नाही. मानेची कातडी चिमटीत धरून सोडा. लगेच सपाट झाली नाही तर अंगातलं पाणी घटलंय, ओआरएस सुरू करून डॉक्टरांना बोलवा. डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलंच, तर डोस वजन करूनच, कोर्स पूर्ण. दुभत्या शेळीला इंजेक्शन दिलं तर दूध किती दिवस वापरायचं नाही, ते तिथंच विचारून घ्या.