जुना ट्रक घेताय? आधी चेसिस नंबर वाचा

शेताच्या बांधावर, लिंबाखाली गंजत उभे असलेले लांब नाकाचे ट्रक मराठवाड्यात अजून दिसतात. जाळीवर तीन टोकांची चांदणी असेल तर गाडी बहुधा टेल्को (आताची टाटा मोटर्स) आणि जर्मनीच्या डेमलर-बेंझच्या १९५४ ते १९६९ या करारातली. पण जाळी कुणीही बदलू शकतो. खरी ओळख म्हणजे चेसिसवर ठोकलेला नंबर.

तिथे ग्राइंडर अजिबात लावू नका! आकडे घासले गेले की आरटीओत काम अडलंच म्हणून समजा. डिझेलचा बोळा रात्रभर ठेवा, सकाळी पितळी ब्रशने हलकं घासा, वरून खडू आडवा फिरवा. पत्रा पांढरा होतो, ठोकलेले आकडे काळे उठतात. मग आरसी बुकाशी जुळवा.

इंजिन जाम असेल तर लगेच सेल्फ मारू नका. नोझल (डिझेल फवारणारे इंजेक्टर) काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं डिझेल-ऑइल सोडा, तीन-चार दिवस थांबा. मग गिअर न्यूट्रल ठेवून पुढून पान्याने हाताने फिरवा, जराही जोर न करता.

सोबत ट्रॉली असेल तर ओढण्याआधी चाकांचे बेअरिंग उघडाच. आत काळी माती घट्ट बसलेली असते. धुऊन नवं ग्रीस भरा.