मोठ्या दुर्बिणीतून चंद्र बघायचाय? मग कोजागिरी सोडून या

बारा इंची डॉब (डॉबसोनियन, म्हणजे हाताने ढकलून फिरवायची आरशाची दुर्बीण) घेतल्यावर पहिल्याच वर्षी मी जे केलं ते तुम्ही करू नका. कोजागिरीला दुर्बीण गच्चीवर लावली, बाजूला मसाला दूध उकळतंय, सोसायटीतली पस्तीस-चाळीस माणसं लायनीत, आणि जो तो आयपीसला, म्हणजे डोळ्याकडच्या भिंगाला, डोळा लावून दोन सेकंदात डोळा चोळत बाजूला. तळमजल्यावरच्या आजी तर सरळ म्हणाल्या, "अरे, नुसत्या डोळ्यांनी बरा दिसतो की, ससा तरी दिसतो." बरोबर होतं त्यांचं. पौर्णिमेला सूर्य आपल्या पाठीमागून चंद्रावर सरळ उजेड टाकत असतो, आपल्याला सावली म्हणून दिसत नाही, आणि सावलीच नसेल तर डोंगर काय नि खड्डा काय, सगळं चुना मारलेल्या भिंतीसारखं सपाट.

बघायचं असतं ते टर्मिनेटरवर, म्हणजे चंद्रावरचा उजेड जिथे संपून अंधार सुरू होतो त्या रेषेवर. शुक्ल पक्षात त्या रेषेवर सूर्य नुकताच उगवत असतो त्यामुळे दोन-तीनशे मीटरचा उंचवटा पण लांबलचक सावली टाकतो. आणि ही रेषा आज कुठे आहे ते शोधायला ॲप लागत नाही, स्वयंपाकघरातलं भिंतीवरचं कॅलेंडर पुरतं. तिथी म्हणजे तरी काय, चंद्र सूर्यापासून १२ अंश पुढे गेला की एक तिथी संपली. टर्मिनेटरही तेवढाच सरकतो! म्हणजे शुक्ल अष्टमीला रेषा बरोब्बर मधोमध आणि नंतर दर तिथीला १२ अंश पुढे. मला हे डोक्यात शिरायला दोन वर्षं लागली, आणि तोवर मी परदेशी वेबसाइटवर 'चंद्राचं वय' शोधत बसायचो. फक्त एक लक्षात ठेवा, कॅलेंडरवर सूर्योदयाची तिथी छापलेली असते, संध्याकाळपर्यंत पुढची लागलेली असू शकते, तेव्हा तिथी किती वाजता संपते ते बारीक अक्षरातलं पण वाचा.

आता तयारी. अष्टमीचा चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास सगळ्यात उंच असतो आणि मध्यरात्रीच्या आसपास मावळतो, त्यामुळे जेवून-बिवून दहाला वर गेलात तर तो खाली उतरलेला असतो आणि तुम्ही हवेच्या जाड थरातून बघताय. त्यात बारा इंचाचा आरसा म्हणजे जाडजूड काच, घरातून बाहेर काढल्यावर बाहेरच्या हवेइतकी थंड व्हायला तास-दीड तास घेते, तोवर ट्यूबमध्येच गरम हवा लोळत असते आणि चंद्र पाण्याखाली असल्यासारखा दिसतो. म्हणून मी पाच-साडेपाचलाच दुर्बीण वर नेऊन पाण्याच्या टाकीच्या सावलीत ठेवतो, मागचा छोटा फॅन चालू करून. झाकण लावलेलंच, आणि सूर्य पूर्ण मावळेपर्यंत ते काढायचं नाही. एवढ्या आरशात चुकून ऊन गेलं तर डोळा तरी जाईल नाहीतर काहीतरी पेटेल, आणि गच्चीवर पोरं असतात, त्यांना आधीच दम देऊन ठेवा.

थंड झाली की कोलिमेशन, म्हणजे आरसे एका रेषेत आहेत का, ते बघून घ्या. जिने चढताना आरसा हलतोच, एखाद्या ताऱ्यावर फोकस थोडा बिघडवला की गोल कड्या एकात एक दिसल्या पाहिजेत, एका बाजूला सरकलेल्या दिसल्या तर आधी स्क्रू फिरवा, मग चंद्र.

चंद्रासाठी शहराबाहेर वांगणी-बिंगणीला अंधार शोधत जायची गरज नाही हे मोठं सुख आहे. गॅलक्सी शहरातून दिसत नाहीत म्हणून रडणाऱ्या आमच्यासारख्यांना हा असा आहे जो रस्त्यावरच्या दिव्याखालूनही तेवढाच छान दिसतो. उलट गच्चीवरचा एखादा लाईट चालू राहू द्या, डोळ्याची बाहुली लहान राहते आणि डोळे कमी दिपतात. चंद्राच्या उजेडाने डोळा जात नाही हो, नुसता दिपतो. फिल्टर लावायचा तर लावा, पण ट्यूबच्या झाकणात जे दोन इंची छोटं भोक असतं ना, "चंद्र त्याच्यातून बघायचा" असं सांगणारे भेटतात, त्यांचं ऐकू नका. दोन इंचाच्या भोकातून दोन इंची दुर्बिणीइतकंच बारीक दिसणार, मग बारा इंची जिन्यातून चढवून कंबर कशाला मोडून घेतली? उजेड कमी करायचा सोपा उपाय म्हणजे मॅग्निफिकेशन वाढवा.

पण किती वाढवायचं ते हवा ठरवते, तुम्ही नाही. माझ्या डॉबची फोकल लेंथ १५०० मिमी, तिला आयपीसच्या मिमीने भागलं की मॅग्निफिकेशन, म्हणजे २५ मिमीच्या आयपीसने ६० पट, ९ मिमीने १६६ पट, ६ मिमीने २५०. आधी २५ लावून चंद्राची कडा बघायची. कडा तापल्या तव्यावरच्या हवेसारखी थरथरत असेल तर त्या रात्री दीडशेच्या वर जाऊ नका, नुसता मोठा गढूळ चंद्र दिसेल. थरथर का, तर बहुतेक वेळा आपल्याच गच्चीमुळे, स्लॅब दिवसभर तापलेला असतो आणि रात्री उशिरापर्यंत ती उष्णता सोडत राहतो. खाली मातीचं किंवा गवताचं अंगण मिळालं तर सोनं. शेजारच्या बिल्डिंगच्या एसीच्या आउटडोअर युनिटवरून तर बघूच नका. आणि खराब हवेतही अधूनमधून अर्धा सेकंद सगळं स्थिर होतं, त्या अर्ध्या सेकंदासाठी डोळा लावून बसावं लागतं. बसावं म्हणजे खरंच बसावं, स्टूल घेऊन. उभ्याने वाकून बघणाऱ्याला निम्मंच दिसतं.

डॉबला मोटर नसेल तर २०० पटीला चंद्र मिनिटभरात फील्डमधून निघून जातो. जे बघायचंय ते कडेला आणा, हात काढा, ट्यूबची थरथर थांबू द्या आणि ते सरकत सरकत पलीकडे जाईपर्यंत बघा, मग परत ढकला. प्रतिमा उलटी असते, वरचं खाली आणि डावं उजवीकडे, तेव्हा पहिले दोन दिवस उलट्याच बाजूला ढकलाल. नकाशासाठी व्हर्च्युअल मून ॲटलस फुकट मिळतो, तोही उलटा करून ठेवा.

आता कुठल्या तिथीला काय. षष्ठीला थिओफिलस, साधारण १०० किलोमीटरचं विवर, मध्ये डोंगर, शेजारी सिरिलस आणि कॅथरिना, तिघं मिळून साखळी. मार्गशीर्षात चंपाषष्ठीला आकाश स्वच्छ असतं, भरीत-रोडगा खाऊन वर जा. त्याच दिवशी दक्षिणेच्या टोकाकडे मॅन्झिनस विवर शोधा, त्याच्याच भागात २३ ऑगस्ट २०२३ ला चांद्रयान-३ चा विक्रम उतरला.

इथे हमखास प्रश्न येतो, "काका, झेंडा दिसतो का?" नाही दिसत. बारा इंची दुर्बीण अगदी आदर्श हवेत चंद्रावरचं ७०० मीटरच्या आसपासचं काहीतरी वेगळं दाखवू शकते, बऱ्याच रात्री दोन-तीन किलोमीटरच्या खाली जात नाही, आणि अपोलोचं यान पाय पसरून जेमतेम नऊ मीटर. हबललासुद्धा ते दिसत नाही. पण पोरं हिरमुसतात म्हणून मी एक युक्ती करतो, षष्ठी-सप्तमीला अपोलो ११ जिथे उतरलं त्याच्या जवळची ऑल्ड्रिन, कॉलिन्स आणि आर्मस्ट्राँग ही तीन ओळीतली बारकी विवरं दाखवतो. आर्मस्ट्राँग साडेचार किलोमीटरचं, कॉलिन्स अडीच किलोमीटरही नाही. कॉलिन्स दिसलं तर समजा रात्र चांगली आहे. वरच्या मेअर सेरेनिटॅटिसमध्ये (मेअर म्हणजे लाव्हाचं काळपट मैदान) आठेक किलोमीटरचं एक टपोरं विवर आहे, त्याचं नाव साराभाई, आपले विक्रम साराभाईच. हे ऐकल्यावर मागच्या लायनीतले मोठे पण परत लायनीत लागतात.

नवमी मात्र मी चुकवत नाही. चैत्रात ती रामनवमी, आणि त्या दिवसांत चंद्र जवळजवळ डोक्यावर असतो (डॉब तिथे फिरवायला कटकट होते, ते सोडा). क्लेव्हियस दिसतं, सव्वादोनशे किलोमीटरचं, आत लहान लहान होत जाणाऱ्या विवरांची कमान. स्ट्रेट वॉल दिसते, ११० किलोमीटर लांब, पेन्सिलने पट्टी धरून मारल्यासारखी काळी रेघ, खरं तर कडा वगैरे नाही, बऱ्यापैकी सौम्य उतार आहे. पण माझा वेळ जातो तो प्लेटोवर. काळ्या लाव्हाने भरलेली शंभर किलोमीटरची परात, आणि सूर्य उगवताना पूर्वेच्या कडेवरच्या शिखरांच्या सावल्या त्या परातीवर सुळक्यांसारख्या पडतात. दोनशे पटीला एक सुळका धरून ठेवा, त्याचं टोक कुठल्या ठिपक्याजवळ आहे ते कागदावर काढा, खाली जाऊन चहा घेऊन या. अर्ध्या-पाऊण तासाने टोक मागे सरकलेलं असतं. चंद्रावर विषुववृत्ताजवळ सकाळ ताशी १५ किलोमीटरने पुढे जाते, सायकलवाल्याच्या स्पीडने, प्लेटोपाशी त्याहून हळू. सावल्या हटल्या की तळावर सुईने टोचल्यासारखी चार-पाच बारीक विवरं दिसतात का बघा, सगळ्यात मोठं अडीच-तीन किलोमीटरचं. मला कधी चार दिसतात, कधी एकही नाही.

एकादशीला गॅसेंडी विवर, त्याचा तळ भेगाळलेला आहे. आषाढी ढगात जाते पण कार्तिकी मिळते. कृष्ण पक्षात हीच रेषा सूर्यास्ताची होते, संकष्टीला चंद्रोदयाची वाट बघत बायका गच्चीवर येतातच, तेव्हा मेअर क्रायसियमच्या आसपास संध्याकाळ उतरलेली असते, फक्त चंद्र फार खाली असतो म्हणून तासभर थांबायला सांगा. उपाशी माणसाला थांबायला सांगणं जमेल तर.

कोजागिरीचा कार्यक्रम टाळताच येत नसेल तर २५ मिमीच लावा आणि टायको विवरापासून निघालेले पांढरे किरण दाखवा, ते पौर्णिमेलाच सगळ्यात छान दिसतात. पण आम्ही आता कोजागिरीच्या पाच दिवस आधीच बोलावतो, म्हणजे दसऱ्याला. दशमी असल्यामुळे रेषा कोपर्निकस विवरावर असते, पायऱ्या-पायऱ्यांच्या भिंती, जवळपास चार किलोमीटर खोल, तळ अजून अंधारात आणि मधल्या डोंगरांच्या टोकांवर नुकतं ऊन लागलेलं. गेल्या दसऱ्याला आजी सोनं द्यायला वर आल्या होत्या, त्यांना स्टुलावर बसवलं. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मागचा मुलगा "आजी, आता माझा नंबर" म्हणाला तर म्हणाल्या, "थांब रे, दुसऱ्या टोकावर पण ऊन येतंय."