वारसा आणि लोकसेवेची संस्था काढताना : ग्रीक-अमेरिकनांच्या ‘अहेपा’चा अनुभव मराठवाड्यासाठी

मराठवाड्यात तालुक्याच्या गावी इतिहासाची आवड असलेले तरुण, निवृत्त शिक्षक आणि पुण्या-मुंबईत स्थिरावलेली मंडळी एकत्र येऊन आपल्या भागाच्या वारशासाठी संस्था काढण्याचा विचार करतात, तेव्हा बोलणी बहुधा नाव, पदाधिकारी आणि नोंदणी यांपासून सुरू होतात. संस्थेने नेमके काय करायचे, हा प्रश्न मागे पडतो. तो आधी सोडवायचा असेल, तर ‘अहेपा’ म्हणजेच अमेरिकन हेलेनिक एज्युकेशनल प्रोग्रेसिव्ह असोसिएशन या ग्रीक-अमेरिकन संघटनेची वाटचाल अवश्य अभ्यासावी.

ही संघटना 26 जुलै 1922 रोजी जॉर्जिया राज्यातील अटलांटा शहरात स्थापन झाली. ग्रीसमधून आलेले लोक तेव्हा उपाहारगृहे आणि मिठाईची दुकाने चालवून जम बसवत होते, आणि त्याच शहराजवळ 1915 साली पुन्हा उभी राहिलेली कू क्लक्स क्लॅन ही वर्णद्वेषी संघटना परकीयांविरुद्ध विष पेरत होती. त्याआधी 1909 मध्ये साउथ ओमाहा येथे जमावाने ग्रीक वस्ती उद्ध्वस्त केली होती, तर 1924 च्या स्थलांतर कायद्याने ग्रीसच्या वाट्याला वर्षाला अवघ्या 100 जणांचा प्रवेश ठेवला. अशा काळात अहेपाच्या संस्थापकांनी सभासदांना इंग्रजी शिकण्याचा, नागरिकत्व घेण्याचा, मुलांना शिकवण्याचा आणि ज्या गावात राहतो त्या गावाच्या कामात उतरण्याचा आग्रह धरला. सभांचे कामकाज इंग्रजीत चाले आणि संघटना कोणत्याही पक्षाशी वा धर्मपंथाशी बांधलेली नव्हती.

हे सर्वांना पटले नाही. पुढच्याच वर्षी, 1923 मध्ये, ‘गापा’ ही दुसरी संघटना निघाली आणि तिने ग्रीक भाषा व ऑर्थोडॉक्स चर्च यांचे जतन हे आपले मुख्य काम मानले. गापाची भीती खोटी नव्हती, कारण भाषा एकदा घरातून गेली की सभेचा ठराव तिला परत आणू शकत नाही. तरीही गापाचा प्रभाव पुढे ओसरला आणि अहेपा शंभर वर्षांनंतरही कार्यरत आहे. माझ्या मते याचे मोठे कारण असे की, अहेपाने समाजाच्या त्या त्या वेळच्या गरजेला हात घातला. भेदभावाचा दाह कमी झाल्यावर तिने शिष्यवृत्त्या, ग्रीक संस्कृतीचा अभ्यास आणि वृद्धांसाठी परवडणारी घरे यांकडे आपले बळ वळवले, आणि ती घरे ग्रीक वंशाच्या नसलेल्या वृद्धांसाठीही खुली ठेवली.

म्हणून आपल्या संस्थेची उद्दिष्टे लिहिताना पहिली कसोटी ही लावावी : वारशाचे प्रत्येक काम आज गावात राहणाऱ्या कोणाच्या तरी उपयोगी पडते का, आणि सेवेचे प्रत्येक काम जात, धर्म व पक्ष न पाहता होते का? ‘संस्कृती संवर्धन’ असे मोघम शब्द लिहून थांबू नये. ‘तालुक्यातील बारवांची नोंद व स्वच्छता’, ‘जुन्या कागदपत्रांची छायाचित्रे घेऊन जतन’, ‘विद्यार्थ्यांसाठी अभ्यासिका’ अशी कामे नावानिशी लिहावीत. पुढे वाद झाला, तर हेच शब्द कामी येतात.

मराठवाड्याकडे या कामासाठी सामग्री विपुल आहे. पहिल्या शतकात ग्रीक भाषेतच लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या सागरी व्यापाराच्या वर्णनात पैठण आणि तगर, म्हणजे धाराशिव जिल्ह्यातील तेर, यांचा उल्लेख आहे. भडोच बंदरापासून दक्षिणेकडे वीस दिवसांच्या अंतरावर पैठण आणि तेथून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर, असे तो लेखक सांगतो. तेरचे प्राचीन अवशेष गावातील लामतुरे संग्रहालयात पाहायला मिळतात आणि शाळांच्या सहलींची सुरुवात तेथून करणे सोपे आहे.

मात्र सर्वांत तातडीचे काम माणसांच्या आठवणींचे आहे. हैदराबाद संस्थान 17 सप्टेंबर 1948 रोजी मुक्त झाले, तेव्हा दहा वर्षांचे असलेले मूल आज नव्वदीच्या उंबरठ्यावर आहे. आपल्या गावातील अशा वडीलधाऱ्यांची यादी करावी, त्यांच्या घरच्यांची वेळ घेऊन जावे, लेखी संमती घ्यावी आणि मोबाइलवरच पण शांत खोलीत ध्वनिमुद्रण करावे. प्रश्न मोजके विचारावेत आणि मध्ये बोलू नये. किल्लारीच्या 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपानंतर जी गावे नव्या जागी वसली, तेथील लोकांकडून जुन्या गावठाणातील गल्ल्या, देवळे, मशिदी, आड आणि बाजाराची जागा कागदावर रेखाटून घ्यावी, कारण तो नकाशा आता बहुतेक त्यांच्या स्मरणातच उरला आहे. घरोघरी सापडणारे मोडी आणि उर्दू कागद मालकाकडून काढून न घेता त्यांची छायाचित्रे घ्यावीत आणि मूळ कागद त्याच दिवशी परत द्यावा.

बारव, किल्ला किंवा लेणी स्वच्छ करण्याआधी ती वास्तू राज्य पुरातत्त्व विभागाच्या किंवा भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे का, हे तपासून लेखी परवानगी घ्यावी. गवत व कचरा काढणे ठीक, परंतु दगडाला सिमेंट, चुना किंवा ऑइल पेंट लावणे हे उत्साहाने केलेले नुकसानच ठरते.

सेवेची बाजू निवडताना अहेपाचे एक उदाहरण मला फार मोलाचे वाटते. थॅलेसेमिया हा रक्ताचा आनुवंशिक आजार भूमध्य सागराभोवतीच्या लोकांत अधिक आढळतो; अहेपाने त्या आजाराविरुद्धच्या कामाला दीर्घकाळ पाठबळ दिले. आपल्याकडेही हा आजार आहे. आई आणि वडील दोघेही त्याचे वाहक, म्हणजे स्वतः सहसा निरोगी पण दोष मुलांकडे पोहोचवू शकणारे, असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला गंभीर आजार होण्याची शक्यता 25 टक्के असते, आणि वाहक आहे की नाही हे एका रक्ततपासणीने कळते. जिल्हा रुग्णालयाच्या मदतीने महाविद्यालयात तपासणी शिबिर घेणे, अहवाल गोपनीय ठेवणे आणि वाहक निघालेल्या तरुण-तरुणीला समजावून सांगणारा डॉक्टर उपलब्ध करणे, एवढे काम छोटी संस्थाही नीट करू शकते. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांच्या मुलांची राहण्याची आणि शाळेची सोय हेही बीडसारख्या जिल्ह्यात असेच महत्त्वाचे काम आहे.

अहेपाच्या परिवारात मुलांसाठी ‘सन्स ऑफ पेरिक्लीस’ 1926 मध्ये, स्त्रियांसाठी ‘डॉटर्स ऑफ पेनेलोपी’ 1929 मध्ये आणि तरुणींसाठी ‘मेड्स ऑफ अथीना’ 1930 मध्ये निघाली. त्या काळाला ते साजेसे होते. आज मात्र आपण स्त्रियांना वेगळ्या शाखेत न ठेवता कार्यकारी मंडळातच, आर्थिक व्यवहाराच्या सहीसकट, जागा द्यावी.

यानंतर नोंदणी. किमान सात सभासद लागतात. सोसायटी नोंदणी अधिनियम 1860 आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम 1950 या दोन्ही कायद्यांखाली धर्मादाय आयुक्तांच्या जिल्हा कार्यालयात विधानपत्र, नियमावली, सभासदांची संमतिपत्रे आणि कार्यालयाच्या जागेचा पुरावा यांसह अर्ज करावा लागतो. विश्वस्त किंवा पदाधिकारी बदलले, तर 90 दिवसांत चेंज रिपोर्ट, म्हणजे त्या बदलाची नोंद करण्यासाठीचा अहवाल, दाखल करणे बंधनकारक आहे. एका कार्यकारिणीने तो दाखल केला नाही की पुढच्या कार्यकारिणीच्या अधिकारावरच प्रश्न उभा राहतो आणि बँक खाते अडते. ज्या बैठकीत निवड होते, त्याच बैठकीत हे काम एका व्यक्तीकडे नावानिशी सोपवावे. हिशेबाचे दरवर्षी लेखापरीक्षण करून घ्यावे आणि त्याची प्रत ग्रामसभेत किंवा वाचनालयात सर्वांना पाहता येईल अशी ठेवावी.

परदेशी गेलेली गावची मुले देणगी देऊ इच्छितात, तेव्हा विशेष सावध राहावे. भारतीय पासपोर्ट असलेल्या व्यक्तीने स्वतःच्या बचतीतून नेहमीच्या बँक मार्गाने दिलेली देणगी विदेशी अभिदाय, म्हणजे कायद्याच्या अर्थाने परदेशी देणगी, ठरत नाही. पण ज्याने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतले आहे, त्याचे पैसे विदेशी अभिदाय (विनियमन) अधिनियम 2010 खालील नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसताना स्वीकारता येत नाहीत, मग तो आपल्याच आळीतला का असेना. तसे पैसे नवी दिल्लीतील भारतीय स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतील ठरावीक खात्यातच घ्यावे लागतात. म्हणून देणगीची पावती फाडण्याआधी दात्याचे नागरिकत्व लेखी विचारून घ्यावे.