फॉरेस्ट प्लॉटच्या कागदावर बाईचं नाव कसं लावायचं

नाशिक जिल्ह्यात सुरगाणा-पेठकडे फॉरेस्ट प्लॉटचे, म्हणजे कसत असलेल्या वनजमिनीच्या हक्काचे, दावे भरताना मी आधी विचारते, "काका, नागली (नाचणी) कोण लावतं?" काका हसून मावशीकडे बघतात. मग फॉर्मवर मावशी कुठे आहे? मार्च 2018 ला शेतकरी मोर्चात नाशिकहून मुंबईला चालत जाताना पाय तर तिचेही सोलवटले होते.

वनहक्क कायद्याचं (2006) कलम 4(4) पाठच करा. लग्न झालेलं असेल तर पट्टा, म्हणजे जमिनीच्या हक्काचा कागद, नवरा-बायको दोघांच्या नावे, एकटी बाई घर चालवत असेल तर तिच्या एकटीच्या. आपल्या आदिवासी बायकांना याची गरज जास्तच. 1956 चा हिंदू वारसा कायदा अनुसूचित जमातींना आपोआप लागू होत नाही. इतर घरांतल्या मुलीला तो कायदा दाखवता येतो. आपल्या पोरीपुढे जमातीचा रिवाज ठेवतात, आणि रिवाज सांगायला बसतात भाऊ नि दीर. नवरा गेल्यावर पट्ट्यावर नाव असलं तरच तिला बोलता येतं.

फॉर्मात जोडीदाराच्या नावाची ओळ कोरी सोडू नका. खरी कटकट नावाचीच. आधारला मंजुळा, रेशनकार्डावर मंजी, जातीच्या दाखल्यावर माहेरचं आडनाव, कारण दाखला बापाच्या कागदांवर निघतो. तालुक्याला साहेब म्हणणार, या तर तीन बायका! तिन्ही नावं एकीचीच, असं प्रतिज्ञापत्र दाव्यालाच जोडा.

कब्जा 13 डिसेंबर 2005 आधीचा हवा, पुरावे किमान दोन. फॉरेस्टवाल्यांनी फाडलेली जुनी दंडाची पावती सापडली तर उत्तमच. गावातल्या जाणत्यांचा लेखी जबाबही चालतो. सगळे म्हाताऱ्यांनाच बोलावतात; आजीचा घ्या, कुठला बांध कधी घातला ते तिला ठाऊक असतं.

ग्रामसभेला निम्मे सदस्य हवेत आणि हजर असलेल्यांत एकतृतीयांश बायका. इथेच गंमत करतात: अंगठे घ्यायचे नि बायकांना घरी धाडायचं. सभा आवणीत (भातलावणीच्या दिवसांत) ठेवू देऊ नका, आणि ठराव मोठ्याने वाचल्याशिवाय अंगठा नाही.

दावा फेटाळला तर कारण लेखी मागा. ग्रामसभेच्या ठरावावर उपविभागीय समितीकडे 60 दिवसांत अपील करता येतं.

जुना पट्टा एकट्या नवऱ्याच्या नावे निघाला असेल तर कलम 4(4) लिहून दुरुस्तीचा अर्ज द्या, आणि पोच हातात पडल्याशिवाय तिथून उठू नका.