‘यस सर’ सुटायला दोन वर्षं लागली

आधी माझी फजिती सांगतो, मग सल्ले. वकिलीची सनद मिळून चारच महिने झाले होते. सीनिअर हायकोर्टात अडकले, म्हणून नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधल्या जिल्हा न्यायालयातली एक पेशी माझ्याकडे आली. काटोलकडच्या एका बाईंचा अपघात भरपाईचा दावा होता. नवरा गेलेला. पुकारा झाला. विमा कंपनीच्या वकिलांनी ‘से’, म्हणजे लेखी म्हणणं, द्यायला पुन्हा मुदत मागितली. न्यायाधीशांनी माझ्याकडे बघून विचारलं, “हरकत नाही ना?” माझ्या टाचा जुळल्या, मुठी पँटच्या शिवणीला लागल्या आणि खणखणीत आवाजात निघालं, “नो सर!”

पुढची पेशी दीड महिन्यानं पडली. बाई काही बोलल्या नाहीत. प्लास्टिकच्या पिशवीत कागद घातले, गाठ मारली आणि विचारलं, “काटोलची गाडी कितीची हाये जी?”

चोवीस वर्षं पायदळात हवालदार-क्लार्क होतो. वरच्यानं विचारलं आणि मी ‘हरकत आहे’ म्हणालो, असं एकदाही झालं नव्हतं. वकिली म्हणजे रोज उठून तेच म्हणायचं. कायदा तीन वर्षांत शिकलो. ही सवय मोडायला त्यापुढे आणखी दोन वर्षं गेली.

आता जे फौजी भाऊ पेन्शनच्या उंबरठ्यावर आहेत आणि काळ्या कोटाचा विचार करतायत, त्यांच्यासाठी. पदवी नोकरीत असतानाच पूर्ण करा. मी इग्नूतून बी.ए. केलं, पोस्टिंग बदललं की परीक्षा केंद्र बदलायचं. पंधरा वर्षांच्या सेवेवर फौज पदवीसमान प्रमाणपत्र देते, ते नोकरीच्या अर्जाला चालतं, पण एलएल.बी.च्या प्रवेशाला विद्यापीठाचीच पदवी लागते. आमच्या ओळखीतले दोघं इथेच अडकले. बारावी न करता थेट मुक्त विद्यापीठातून पदवी घेतली असेल तरी बार कौन्सिलच्या नियमांत ती बसत नाही. खुल्या वर्गाला पदवीत 45 टक्के हवेत.

मग तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाची सीईटी. तिचा बाऊ करू नका, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. खरा त्रास पुढे असतो. सत्तर टक्के हजेरी लागते, म्हणजे नोकरी सांभाळून कॉलेज जमणं कठीण. लॉ कॉलेज चौकात उतरून पहिल्या दिवशी वर्गात शिरलो तर पोरं उभी राहिली. त्यांना वाटलं, सरच आले. मीही दोन सेकंद “बैठो बैठो” म्हणून घेतलं, खोटं कशाला सांगू.

सनदेच्या फीबद्दल बाहेर बरंच ऐकाल. 30 जुलै 2024 ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की 1961 च्या अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टमध्ये लिहिलेले 750 रुपये, आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी 125, यापेक्षा जास्त नोंदणी फी राज्य बार कौन्सिलला घेता येत नाही. त्यानंतर ऑल इंडिया बार एक्झाम, शंभर प्रश्न, टिपा नसलेला बेअर अ‍ॅक्ट, म्हणजे कायद्याचं नुसतं मूळ पुस्तक, सोबत नेता येतो. पेन्शन सनदेच्या आड येत नाही. पण बँकेत किंवा सिक्युरिटीत पूर्णवेळ पगारी नोकरी धरली तर वकिली करता येत नाही, सनद स्थगित ठेवावी लागते. दोन्ही डगरींवर पाय ठेवू नका.

पैशाचं सरळ सांगतो. सीनिअरकडे पहिली दोन वर्षं जे मिळालं त्यात पेट्रोल आणि वकालतनाम्याला लावायचे वेलफेअर स्टँप निघाले. घर पेन्शनवर चाललं. रिटायरमेंटची रक्कम प्लॉटमध्ये गुंतवून मोकळे होऊ नका, निदान तेवढी वर्षं तरी. आणि नागपुरात मे महिन्यात कोटाची काळजी नको. उन्हाळ्यात हायकोर्ट आणि सुप्रीम कोर्ट सोडून बाकी कोर्टांत काळा कोट सक्तीचा नाही. मी मात्र पहिल्या मे महिन्यात शिस्तीपायी घातला आणि बाररूममध्ये भोवळ येऊन बसलो.

फौजेतलं काय उपयोगी पडलं? रँक नाही. दरारा तर अजिबात नाही. उपयोगी पडला तो कागद. जवानाच्या लग्न-मुलांसारख्या नोंदी ज्यात होतात त्या पार्ट टू ऑर्डर मी स्वतः टाइप केल्यात. त्यामुळे एखाद्या वीरपत्नीचं फॅमिली पेन्शन अडलं की कुठे शोधायचं ते कळतं. पीपीओवर, म्हणजे पेन्शनच्या आदेशावर, ‘सुनिता’, आधारवर ‘सुनीता’, लग्नाची नोंद पार्ट टूमध्ये झालेलीच नाही. अशा कामात अर्ध्याहून जास्त लढाई फौजेच्या रेकॉर्ड ऑफिसला नीट पत्र लिहिण्यात संपते, कोर्टात जावंच लागत नाही.

डिसॅबिलिटी पेन्शनची प्रकरणं आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनलकडे, म्हणजे फौजींसाठीच्या वेगळ्या न्यायाधिकरणाकडे, जातात. त्यासाठी आपल्याला मुंबईची गाडी धरावी लागते. 2013 चा धरमवीर सिंग निकाल तोंडपाठ ठेवा. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर जवान धडधाकट होता असं धरायचं आणि आजार सेवेमुळे नाही हे सरकारने सिद्ध करायचं. तरी एक धोका राहतोच. लोक दहा-बारा वर्षांनी येतात. हक्क मिळतो, पण थकबाकी साधारण मागच्या तीन वर्षांचीच. हे अशिलाला पहिल्याच भेटीत सांगा, नाहीतर निकाल बाजूने लागूनही तो तुमच्यावरच चिडतो.

काटोलच्या बाईंचं प्रकरण पुढच्या पेशीलाही माझ्याकडेच होतं. परत मुदतीचा अर्ज. या वेळी हात पाठीमागे बांधून धरले, नाहीतर ते शिवणीला जातात. “हरकत आहे, साहेब.” आवाज चिरका निघाला. मुदत मिळालीच त्यांना, पण पाचशे रुपये कॉस्ट, म्हणजे आमच्या बाजूला द्यायचा खर्च, लावून. बाईंनी नोट दोनदा उलटून पाहिली.

फौजी अशील फीच्या गोष्टीला सगळ्यात अवघड. “आपलाच माणूस” म्हणून येतात. मी कागद फुकट वाचतो, वकालतनामा लावला की फी. मागच्या महिन्यात कामठीचे एक सुभेदारसाहेब कॅन्टीनची बाटली वर्तमानपत्रात गुंडाळून घेऊन आले. मी उठून उभा राहिलो, तेवढं अजून सुटलेलं नाही. बाटली परत त्यांच्या पिशवीत ठेवली आणि पावतीबुक पुढे सरकवलं.