कमरेला पट्टा, खिडकीला दोरी: माया बायकांचा माग घरच्या घरी

सोलापुरात माग म्हटलं की खटखट, आणि लाईट गेली की सगळं ठप्प. ग्वाटेमालातल्या माया बायका उइपिल म्हणजे त्यांचा तो भरगच्च नक्षीचा सैल ब्लाऊज विणतात तो मात्र कमरेला बांधलेल्या मागावर, आणि हे कालपरवाचं नाही, मेक्सिकोच्या किनाऱ्याजवळच्या जैना बेटावरच्या इ.स. 600 ते 900 च्या काळातल्या मातीच्या मूर्तींतसुद्धा अशी विणणारी बाई दिसते.

आधी वीतभर रुंद पट्टीच करा, ब्लाऊज नंतर बघू. झाडूच्या दांड्याचे तीन तुकडे, एक जाड पाईप, एक गुळगुळीत लाकडी पट्टी, कमरेसाठी जुन्या चादरीची घडी, बास. सूत दुपदरी पिळाचं घ्या, एकेरी असेल तर खळ द्यावीच लागते, तिकडेही मक्याच्या पेजेचा हात देतात.

दोन खिळ्यांवर इंग्रजी आठच्या आकारात ताणा, म्हणजे उभे धागे, गुंडाळा. मधली फुली (धागे एकमेकांना छेदतात ती जागा) सुटली तर सगळं संपलं, म्हणून तिथे आधी दोरा बांधून ठेवायचा. दोन्ही टोकांना दांड्या घाला, एक खिडकीच्या गजाला, दुसरी कमरपट्ट्याला. फुलीच्या पलीकडे पाईप सरकवा, अलीकडे खाली राहिलेला एकेक धागा दोऱ्याच्या फासात घेऊन तिसऱ्या दांडीला अडकवा (हे काम जाम किचकट आहे, घाई केली की एखादा धागा हमखास राहतो).

आता पाईप जवळ ओढला की एक फट उघडते, तिच्यात लाकडी पट्टी उभी करून बाणा, म्हणजे आडवा धागा, घाला, ठोका. मग पाईप मागे ढकला, जरा पुढे वाका म्हणजे ताणा ढिला पडतो, फासाची दांडी वर उचला, दुसरी फट. ठोकताना मागे रेला. ताण सगळा कमरेतून येतो, हाताने ओढत बसलात की पाठ धरणार आणि पट्टी मधेच अरुंद होणार.

नक्षीसाठी दर साध्या बाण्यानंतर रंगीत जास्तीचा धागा बोटांनी हव्या तेवढ्या ताण्यांखालून घालायचा. आपल्याकडे चादरीवर जे जॅकार्डचे पंच केलेले पुठ्ठे करतात ना, तेच काम इथे बोटं आणि डोकं करतं, आणि वेळही भरपूर लागतो, चांगल्या उइपिलला महिनेच्या महिने.

हात बसला की दोन रुंद पट्ट्या विणून मधोमध जोडा, गळ्यापुरती शिवण सोडा, बाजू शिवताना हातासाठी जागा ठेवा. मापाला कापड कमी पडलं तर कडेला तिसरी पट्टी लावा, कात्री नको.