दुकानाच्या काचेला सेफ्टी फिल्म लावताय? मग कडेचं सिलिकॉन आधी समजून घ्या

आमच्या दुकानाला आधी एकदा फिल्म लावून घेतली होती, एकदम गुळगुळीत, एक बुडबुडा नाही, आम्ही निर्धास्त. मग एका रात्री कुणीतरी दगड घातला. काच टफन म्हणजे तापवून कडक केलेली, त्यामुळे क्षणात सगळीकडे चुरा, फिल्मने तो चुरा धरून ठेवला हे खरं पण अख्खी काच ओल्या गोधडीसारखी फ्रेममधून सुटून आत पडली आणि दुकान सताड उघडं. फिल्म काचेला चिकटली होती, फ्रेमला नाही. म्हणून सांगतोय, फिल्म हे अर्धंच काम आहे, उरलेलं अर्धं म्हणजे फिल्मची कड सिलिकॉनच्या पट्टीने फ्रेमला धरून ठेवणं.

आधी फ्रेम बघा. ॲल्युमिनियमचं सेक्शन, म्हणजे काच बसवलेली फ्रेमची पट्टी, हाताने हलवून बघा, भिंतीतले स्क्रू ढिले असतील तर ते आधी पक्के करा, नाहीतर लाथ बसली की फ्रेमसकट सगळं आत येईल. आणि १२ एमएमची बिनफ्रेमची काच, फ्लोअर स्प्रिंगचा (फरशीत बसवलेल्या स्प्रिंगवर फिरणारा) दरवाजा असं असेल तर स्पष्ट सांगतो, तिथे सिलिकॉनला धरायला काहीच नाही. फिल्मने तुकडे उडणार नाहीत एवढंच, रात्रीसाठी शटर हवंच.

फिल्म ८ मिलची म्हणजे २०० मायक्रॉनची घ्या, क्लिअर. साधी सन फिल्म याच्या पाव जाडीची असते, ती या कामाची नाही. गडद फिल्म साध्या काचेवर लावली तर उन्हात काच तापून तडकू शकते.

लावायची आतल्या बाजूने. पंखे बंद, फरशी ओली करून घ्या म्हणजे धूळ उडत नाही. पाण्यात बेबी शाम्पूचे थोडे थेंब टाकून काच धुवा, जुन्या स्टिकरचा गोंद ब्लेडने काढा, पण काच ओली ठेवून आणि ब्लेड एकाच दिशेने, टफन काचेवर ओरखडे पटकन पडतात. कोपरे नीट, घाण तिथेच राहते. मग दोघांनी मिळून लायनर, म्हणजे फिल्मच्या गोंदावरचा पातळ थर, सोलायचा, गोंदाच्या बाजूला आणि काचेला दोन्हीकडे त्याच शाम्पूच्या पाण्याचा भरपूर फवारा, फिल्म ठेवून सरकवून बसवायची आणि कडक रबराच्या वायपरने मधून कडेकडे जोर लावून पाणी काढायचं. जाड फिल्म पाणी सोडत नाही, दोनदा तीनदा फिरवा. कडेला एक-दीड मिलिमीटर सोडून कापा, कापडाने कडेचं पाणी टिपा.

आता खरं काम. कडा पूर्ण कोरड्या होऊ द्या, किती थांबायचं ते फिल्मच्या कंपनीच्या कागदावर असतं, तेवढं थांबाच. सेक्शनमध्ये काचेला लागून जे काळं रबर असतं ना, त्याला सिलिकॉन धरत नाही, म्हणून आतल्या बाजूचं वर आलेलं रबर ब्लेडने सपाट कापून घ्या, सिलिकॉन थेट धातूला लागलं पाहिजे. फिल्मची कड आणि सेक्शन दोन्ही आयसोप्रोपाईल अल्कोहोलने पुसा, दोन्हीकडे मास्किंग टेप लावा आणि चारही बाजूंनी तिरकी पट्टी भरा, फिल्मवर १०-१२ मिलिमीटर, धातूवरही तेवढीच. मध्ये कुठे खंड नको. सिलिकॉन स्ट्रक्चरल, न्यूट्रल क्युअर असंच मागा. बाथरूमसाठी मिळणारं व्हिनेगरच्या वासाचं असतं ते नको, त्यातलं ॲसिड धातूला खातं. पट्टी पुसून सारखी करा आणि वर साय धरायच्या आत टेप ओढून काढा, नाहीतर कड फाटते.

सुरुवातीला फिल्मखाली धुरकट किंवा पाण्याचे छोटे फुगे दिसतील, घाबरू नका, टाचणीने टोचू नका. ८ मिलची फिल्म पूर्ण सुकायला महिना-दोन महिने जातात, पावसाळ्यात आणखी, सिलिकॉनला मात्र घट्ट व्हायला हवेतला ओलावाच लागतो. तोवर काच धुवायची नाही आणि आतून पोस्टर चिकटवायचे नाहीत. पट्टी घट्ट झाली की चारही कोपरे बोटाने दाबून बघा, जिथे सुटल्यासारखं वाटेल तिथलं कापून काढून पुन्हा भरा.